१३ अंशांवर गोठणारी गॅसवाहिनी

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठायचं तर पारा शून्याजवळ यावा लागतो. समुद्रतळावरच्या गॅसवाहिनीत दाब १०० बार असेल, तर मिथेन आणि पाणी मिळून १३ अंशांनाच घट्ट होतात. साताऱ्यातली डिसेंबरची रात्र साधारण एवढीच थंड असते. (कोयना धरणाच्या १०३ मीटर उंचीएवढ्या पाण्याचा दाब भरतो जेमतेम १० बार.) हे हायड्रेट. दिसायला बर्फ, पण पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यांत वायू कोंडलेला: १ घनमीटर हायड्रेटमध्ये, बाहेरच्या साध्या दाबाला मोजला तर, सुमारे १६० घनमीटर. गॅसवाहिन्या तुंबवतो तो साधा बर्फ नव्हे, हाच, हे अमेरिकी संशोधक हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवून दिलं.

वाहिनीत हायड्रेट बनेल का, याचा अंदाज बांधताना आधी वायूच्या घटकांवरून दाब-तापमानाच्या आलेखावर हायड्रेटची रेषा आखतात. थोडंसं प्रोपेन असलं तरी ती रेषा जास्त तापमानाकडे सरकते, त्यामुळे शुद्ध मिथेनच्या आकड्यांवर विसंबू नये.

आता हिशेब. तळाशी ४ अंश, रेषा १३ वर. तूट ९ अंशांची. खबरदारीचे ३ धरून १२. ही तूट भरून काढायला वाहिनीत मेथॅनॉल सोडतात; हे अल्कोहोल हायड्रेट बनण्याचं तापमान खाली आणतं. हॅमरश्मिट यांच्या सूत्राने पाण्यात वजनाने २३ टक्के मेथॅनॉल लागतं, म्हणजे १०० किलो पाण्यामागे ३० किलो. शिवाय काही मेथॅनॉल वायूत निघून जातं, तेही वाढवून सोडावं लागतं. गॅसच्या विहिरीतून येणारं पाणी अचानक वाढलं आणि पंप जुन्याच मापाने चालत राहिला, तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

हायड्रेट बनू शकतं का, एवढंच रेषा सांगते. कुठे आणि कधी अडेल, हे ओळखणं फार कठीण. वाहिनी बंद पडली की सखल भागात पाणी साचून गार होतं. पुन्हा सुरू करताना त्यातून वायू घुसळत जातो आणि हायड्रेट झपाट्याने बनतं. म्हणून बंद पडल्यावर रेषा गाठायला किती तास लागतील, हे आधीच काढून ठेवावं. प्रवाह तेवढाच असताना दोन टोकांतल्या दाबाचा फरक वाढू लागला, हेलकावे खाऊ लागला, तर आत थर धरतोय असं समजावं.

तुंबलंच, तर एकाच बाजूचा दाब कधीही उतरवू नये. सुटलेला गोळा भरधाव जाऊन वाहिनीचं वळण फोडतो. दाब दोन्ही बाजूंनी, सावकाश उतरवावा. गोळ्याच्या मधोमध उष्णता देणंही घातकच: सुटलेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसते.