काकूंच्या बादलीतली गांडुळं

गेल्या जुलैत शेजारच्या काकूंनी सोसायटीच्या आवारात पावसानं वर आलेली चाळीसेक गांडुळं वेचली आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत सोडली. बागेतल्या कुंड्यांना घरचं खत हवं होतं, आणि 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र' हे शाळेतलं वाक्य पाठ होतं. चार दिवसांत बादलीला घाण वास सुटला. गांडुळं मेली.

शाळेनं सांगितलं नव्हतं ते हे, की सगळी गांडुळं एका जातीची नसतात. खोल बिळं करून माती खाणारी वेगळी, शेणात नि कुजक्या पाल्यात वरच्या वर राहणारी वेगळी. खताला दुसरी लागतात: तांबूस आयसेनिया फेटिडा किंवा आफ्रिकेतून आलेलं जाडजूड युड्रिलस युजेनी. 'गांडूळ कल्चर' म्हणून विकत मिळतात ती बहुधा हीच.

आता खरी गंमत पोटातली. गांडुळाला दात नसतात. घास पेषणीत जातो. चिकनवाल्याकडे कलेजीबरोबर 'पेटा' मिळतो ना, ती कोंबडीची पेषणी. तसाच हा स्नायूंचा घट्ट गोळा. मातीचे कण इथे जात्याचं काम करतात आणि पाल्याचं पीठ होतं. पण पाल्यातला चिवट भाग एकट्यानं पचवणं गांडुळाला जड. ते काम जिवाणूंचं. मातीतले बहुतेक जिवाणू मात्र उपाशी, निपचित पडलेले. गांडूळ आतड्याच्या सुरुवातीला पाणी आणि सहज पचणारा बुळबुळीत स्राव सोडतं. तो खाऊन जिवाणू जागे होतात आणि चिवट मालावर तुटून पडतात. ऊसतोड मजुरांना उचल देतात, तसंच. पुढे आतड्यात विरघळलेलं अन्न गांडूळ शोषतं आणि जिवाणूंनी भरलेली विष्ठा बाहेर टाकतं. काम तिथेही चालूच राहतं: प्रथिनांतल्या नत्राचा अमोनियम होतो, नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ते मुळांना थेट घेता येतं.

म्हणजे गांडूळ नवं काही निर्माण करत नाही. सालींतून जे आत गेलं, तेच रूप बदलून बाहेर येतं. युरियात नत्र 46 टक्के, गांडूळखतात साधारण 1 ते 2. 'चमत्कारी खत' म्हणून विकणाऱ्याला एवढं जरूर विचारावं. आणि हो, गांडूळ मधोमध कापलं की दोन होतात हेही खोटं. मागचा तुकडा बहुधा मरतोच. मांडुळाला दोन तोंडं असतात आणि ते गुप्तधन दाखवतं, त्याच पठडीतली ही समजूत. त्या भाकडकथेपायी बिचाऱ्या सापाची तस्करी होते.

काकूंच्या बादलीत जात चुकली होतीच, पण दोन गोष्टी आणखी नडल्या. गांडूळ ओल्या त्वचेनं श्वास घेतं. खाली भोकं नसलेल्या, पाणी साचलेल्या बादलीत प्राणवायू उरला नाही. शिवाय उरलेली आमटी, लोणचं. मिठानं त्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातं.

यंदा त्यांनी बादलीला भोकं पाडली, कल्चर आणलं. साली पंधरा दिवस वेगळ्या कुजवून, वाळका पाला आणि जुनं शेण मिसळून घालतात, वर ओलं गोणपाट. मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब आले की ओल पुरेशी. दोन-अडीच महिन्यांनी चहाच्या भुकटीसारखं काळं, रवाळ खत निघालं. ते गुलाबाला घातलं. बादलीभर कचरा काही बिया मरतील इतका तापत नाही, त्यामुळे सध्या गुलाबाच्या कुंडीत टोमॅटोची सात रोपं उभी आहेत.