शालिनी पॅलेस : राहतं घर, हॉटेल आणि एका शब्दाचा घोळ

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या पश्चिम काठावरची शालिनी पॅलेस ही वास्तू १९३१ ते १९३४ या काळात उभी राहिली. राजघराण्यातल्या राजकन्येचं नाव तिला मिळालं. त्याच सुमारास गावात त्याच नावाची चित्रपटसंस्थाही निघाली. त्यामुळे 'शालिनीचं काय झालं?' असं कुणी विचारलं की आजही आधी 'पॅलेस की स्टुडिओ?' हे विचारून घ्यावं लागतं.

खरा घोळ घातला तो 'पॅलेस' या शब्दाने. १९८७ मध्ये इथे हॉटेल सुरू झालं आणि 'राजवाड्याचं हॉटेल केलं' हे दुखावलेल्या सुरातलं वाक्य गावात रुळलं. पण कोल्हापुरात राजवाडा म्हटलं की भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा, जिथे तुळजाभवानीचं देऊळ आहे. १८८४ मध्ये पूर्ण झालेला न्यू पॅलेस हे घराण्याचं निवासस्थान, तिथेच वस्तुसंग्रहालय. शालिनी पॅलेसचा मान या दोघांसारखा नाही. पाण्याकडे तोंड करून हौसेने बांधलेलं ते राहतं घर. काळ्या दगडाच्या भक्कम कमानी, इटालियन संगमरवर, घड्याळाचा मनोरा आणि दारांच्या बेल्जियम काचेवर कोरलेलं राजचिन्ह. हौस मोठी होती, पण घर ते घरच. घरात पाहुणे उतरले तर त्याला बाट लागत नाही.

त्या निर्णयामागचं गणितही बघायला हवं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९७१ मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले. कोल्हापूरच्या पावसात एवढ्या मोठ्या घराची गळती काढायची, लाकूड वाळवीपासून राखायचं, तर दरवर्षी पैसा ओतावा लागतो. हॉटेल झालं म्हणून खोल्या रोज उघडल्या गेल्या, झाडल्या-पुसल्या गेल्या. ज्यांचा राजघराण्याशी कधी संबंध आला नव्हता, त्यांनाही ते राजचिन्ह हाताच्या अंतरावरून बघता आलं. टीका करणारे एवढी गोष्ट हमखास गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

पुढे हॉटेलही बंद पडलं. आता संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ खाता खाता लोक पलीकडच्या काठावरचा तो मनोरा पोरांना बोटाने दाखवतात.