घराखालील चराचा भराव

घराच्या जमिनीखालची सांडपाण्याची जुनी वाहिनी काढून नवी टाकल्यावर, त्यासाठी खणलेला चर मुरूम, वाळू किंवा माती घालून थराथराने दाबत पुन्हा भरण्याचे काम. पाइपवर दोन दिवस खर्च होतात आणि भराव अर्ध्या तासात उरकला जातो. पुढे फरशी खचते ती बहुधा याच घाईमुळे.

भरावाचा संबंध फरशीइतकाच पाइपच्या उताराशीही आहे. 100 मिमी व्यासाच्या वाहिनीला साधारण 40 ला 1, म्हणजे मीटरला 25 मिमी उतार देतात. खालची माती मध्येच दोन-तीन सेंटीमीटर बसली की तिथे पाणी साचते आणि नवी वाहिनीही तुंबू लागते.

दख्खनच्या काळ्या मातीत हे काम जास्त नाजूक असते. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते, सुकले की आकसते. जुना पाइप वर्षानुवर्षे गळत असेल, तर भोवती चिखलच झालेला असतो. तो पूर्ण उपसावा आणि परत चरात ढकलू नये. त्याजागी कमी चिकट मुरूम वापरतात.

पाइपमध्ये पाणी भरून सांधे तपासल्याखेरीज भराव सुरू करू नये. आधी पाइपच्या दोन्ही कुशीत वाळू किंवा बारीक कच हाताने ठासतात, कारण तिथे राहिलेली पोकळी वरून कितीही ठोकले तरी भरत नाही. पाइपच्या माथ्यावर सुमारे 30 सेंमी भराव होईपर्यंत जड यंत्र लावत नाहीत. त्यानंतर साधारण 15 सेंमीचे थर देत प्रत्येक थर धुम्मसाने, म्हणजे माती ठोकण्याच्या जड ठोकणीने, दाबतात.

मातीतला ओलावा नेमका लागतो. ठरावीक ओलाव्याला तेवढ्याच ठोकण्यात माती सर्वांत घट्ट बसते, हे लॉस एंजेलिसचे अभियंते रॅल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडले. भारतात हा ओलावा ठरवण्याची चाचणी आयएस (भारतीय मानक) 2720 च्या भाग 7 प्रमाणे होते. घरगुती कामावर प्रयोगशाळा कोण आणणार? तिथे मुठीत दाबलेल्या मातीचा लाडू वळला आणि हात चिखलला नाही, की ओल बेताची धरतात. चरात पाणी सोडून भराव ‘बसवण्याची’ सवय मात्र निचरा होणाऱ्या स्वच्छ वाळूपुरतीच ठीक. चिकण मातीचा त्याने गाळ होतो.

एक सोपी खूण आहे. 45 सेंमी रुंद, 60 सेंमी खोल चरात 100 मिमीचा पाइप चार टक्क्यांहूनही कमी जागा घेतो. काढलेलीच माती परत भरली असेल आणि तरी दारात मोठा ढीग उरला असेल, तर दाबाई झालेली नाही.

भिंतीखालून आडवा बोगदा खणला असल्यास तिथे धुम्मस चालवता येत नाही. तो पातळ, कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरणे बरे. बांधकामाच्या वेळी जमिनीत वाळवीप्रतिबंधक औषध दिलेले असेल, तर खणल्याने तो थर तुटतो. म्हणून कोबा घालण्यापूर्वी आयएस 6313 नुसार ते पुन्हा द्यावे लागते.