मणक्यातली सुई आणि सिझरनंतरची कंबरदुखी

"सिझरला पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर धरली." बीड-परभणीकडं हे सारखं ऐकायला मिळतं. लेकरू शाळेत जायला लागलं, तरी दोष सुईलाच. खरं तर ही दोन वेगळी दुखणी आहेत.

सुईचं दुखणं थोडक्या दिवसांचं. भूलतज्ज्ञ बाईला टेबलावर बसवून पाठ वाकवायला लावतात, कंबरेच्या दोन मणक्यांमधली फट चाचपतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची सुई आत घालतात. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. तिच्यातून दिलेलं भुलीचं औषध काही तासांत उतरतं. टोचलेली जागा दाबली की दुखते. काही दिवसांत तेही थांबतं.

महिनोन्‌महिने टिकणाऱ्या कंबरदुखीचं तसं नाही. "कुठं दुखतं?" विचारलं की बाई एका जागी बोट ठेवत नाही, अख्खा पंजा कंबरेवरून खाली फिरवते. गरोदरपणात कंबरेचे सांधे सैल पडतात, पोटाच्या भारानं कंबर पुढं ओढली जाते, पोटाचे स्नायू ताणून ढिले होतात. गरोदर बायांपैकी जवळपास निम्म्यांची कंबर तेव्हाच दुखते आणि पुढं हे दुखणं बहुतेक त्यांच्यातच रेंगाळतं. त्यात वाकून पाजणं, लेकरू कडेवर, पाण्याचे हंडे. अंग भरून येण्याआधीच खुरपणी, कापूसवेचणी किंवा ऊसतोडीच्या मोळ्या. या कामांकडं कुणी बोट दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. टिकून राहणारी कंबरदुखी दोघींत सारखीच आढळते. सुईचा खरा त्रास म्हणजे डोकेदुखी: पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होणारी, बसलं की वाढणारी, आडवं झालं की उतरणारी. तिच्यावर उपचार आहेत.

सुईच्या धास्तीनं काही जणी पूर्ण भूल, म्हणजे बेशुद्ध करणारी, मागतात. सिझरला तीच जास्त जोखमीची, कारण पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं आणि श्वासनलिकेत नळी घालणंही अवघड जातं. कंबरेला हवा असतो पोट-पाठीचा व्यायाम, आणि घरच्यांनी उचललेला हंडा.

मात्र सुईनंतर पाठ वाढत्या जोरानं दुखू लागली, ताप आला, पायातली ताकद गेली, भूल उतरायच्या वेळेनंतरही पाय बधिर राहिले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण तिथं तासांचा हिशोब असतो.