विजेवर चालणारी कार : नाशिकच्या संदर्भात

विजेवर चालणारी कार म्हणजे इंजिनाऐवजी विद्युत मोटर आणि लिथियम-आयन बॅटरीवर धावणारी चारचाकी. बोलण्यात तिला ‘ईव्ही’ म्हणतात. खासगी ईव्हीची नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. भाड्याच्या गाडीची अक्षरे पिवळी. बंगळूरची छोटी रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली होती, पण चारपाच माणसांच्या घराने विचारात घ्यावी अशी गाडी २०२० च्या जानेवारीत टाटा नेक्सॉन ईव्हीच्या रूपाने आली. नाशिकचा या विषयाशी संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून नाही. महिंद्राची एक्सयूव्ही ४०० इथल्याच कारखान्यात तयार झाली.

ईव्हीचे गुणदोष सगळीकडे सारखे सांगितले जातात; प्रत्यक्षात ते गावागणिक बदलतात. नाशिकपुरते बोलायचे तर ही गाडी सुखाची ठरेल की डोकेदुखीची, हे बॅटरीपेक्षा घराच्या पार्किंगवर जास्त ठरते.

चालवण्याचा खर्च

मध्यम आकाराची ईव्ही एका युनिटमध्ये साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. घरच्या विजेचा दर सरासरी १० रुपये धरला, तर किलोमीटरला दीड रुपया पडतो. पेट्रोल लिटरला शंभरीपार आहे; शहरात १५ चे ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला सात रुपये खाते. इंदिरानगरहून सातपूरला रोज कामावर जाणारा माणूस इकडेतिकडे धरून महिन्याला हजार किलोमीटर सहज फिरतो. त्याचे महिन्याचे पाच हजारांच्या वर वाचतात.

या हिशेबात एक खाच आहे आणि शोरूममध्ये ती सहसा कोणी सांगत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. ज्या घरात आधीच एसी, गिझर मिळून तीनशे युनिटे जळतात, तिथे गाडीची दीडशे युनिटे वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. मग दीडाचे सव्वादोन होतात. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर मात्र युनिटला वीसच्या आसपास मोजावे लागतात, त्यातच १८ टक्के जीएसटी असतो, आणि खर्च किलोमीटरला तीन रुपयांवर जातो. घरी चार्जिंगची सोय नसलेल्याची पाव हिस्सा बचत इथेच संपते.

खरेदीची किंमत हा उघड तोटा आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे, तरी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती काही लाखांनी महाग पडते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा करही १८ टक्क्यांवर उतरला. वर्षाला पाचसहा हजार किलोमीटरच फिरणाऱ्याने, म्हणजे रविवारी सोमेश्वर आणि महिन्याकाठी त्र्यंबक एवढेच ज्याचे जाणे आहे त्याने, बचतीच्या आशेने ईव्ही घेऊ नये. तिचा जादा पैसा वसूल व्हायला फिरणे भरपूर लागते.

कसारा घाट

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. मुंबईला जाताना गाडी तेवढी उतरते, येताना तेवढी चढते. एकट्या इगतपुरी–कसारा टप्प्यात सुमारे ३०० मीटरचा उतार आहे. दीडपावणेदोन टनांची गाडी तेवढी खाली आली की सव्वा युनिटाच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत ती ब्रेक तापण्यात जाते. घाट उतरून कसाऱ्याला चहासाठी थांबले की पुढच्या चाकांपाशी येणारा जळका वास तिचाच. ईव्हीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्र बनते, गाडी आपोआप धीमी होते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. इगतपुरीला पडद्यावर ७१ टक्के दिसत असतील, तर पायथ्याला बहुधा तेवढेच दिसतात. दहा किलोमीटर जवळजवळ फुकट झालेले असतात, आणि ब्रेकला हातभार लागल्याने ब्रेकपॅड वर्षानुवर्षे टिकतात. शंभर टक्के भरलेल्या बॅटरीत ही वीज मावत नाही, पण नाशिकहून निघून घाट लागेपर्यंत पुरेशी जागा झालेली असते.

परतीला हिशेब उलटतो. मुंबईहून नाशिक गाठताना नुसत्या उंचीसाठी अडीच-पावणेतीन युनिटे जातात, म्हणजे सपाटीवरचे पंधरासतरा किलोमीटर. ठाण्यातून निघताना पडद्यावर दिसणाऱ्या पल्ल्यातून एवढे आधीच वजा करावेत.

कंपनीचा जाहीर पल्ला आणि खरा पल्ला यांतही अंतर असते. नेक्सॉनच्या पहिल्या ३०.२ युनिटांच्या बॅटरीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. एसी लावून महामार्गावर ती दोनशेच्या आसपास जाई. नंतरच्या गाड्यांत बॅटऱ्या मोठ्या झाल्या, पण जाहीर आकड्यातून चौथाई ते तिहाई वजा करण्याची सवय अजूनही उपयोगी पडते. मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतायचे तर वाटेत किंवा मुक्कामी एकदा चार्जिंग धरूनच निघावे. शिर्डी, वणी, त्र्यंबक मात्र घरून भरून निघाले की निर्धास्त जाऊन येता येते. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर ईव्ही कारना टोलमाफी दिली. त्या यादीत जुना मुंबई–आग्रा महामार्ग नाही.

बॅटरी, पाणी, आग

बहुतेक कंपन्या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. बॅटरीला उष्णतेचा जाच थंडीपेक्षा जास्त होतो. त्या दृष्टीने नाशिकची हवा विदर्भाच्या मानाने बरीच सोसवणारी आहे, तरी एप्रिल-मेच्या चाळिशीत भर दुपारी फास्ट चार्जिंग टाळलेले बरे. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे चार्जिंग जरा हळू होते, इतकेच. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी वजनाला भारी पण तापायला संथ आणि टिकायला चिवट असते. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत तीच वापरतात. वजनामुळे टायर मात्र लवकर झिजतात. हमी संपल्यावर बॅटरी बदलणे हा किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजण्यासारखे आहे. म्हणूनच जुन्या ईव्हीला बाजारात भाव कमी येतो.

गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले हे नाशिककर पाहतात. पाण्याने ईव्हीत शॉक बसेल ही भीती सर्वत्र ऐकू येते. बॅटरीचा डबा सहसा आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल असा. त्यामुळे तुंबलेल्या रस्त्यातून जाताना सहसा शॉकचा धोका नसतो. रात्रभर पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी मात्र चालू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये.

आगीची भीती नाशिकमध्ये ताजी आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या विजेच्या स्कूटर इथे पेटल्या होत्या. त्या वर्षी देशभरात घडलेल्या अशा घटनांनंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक केले. कारमधील बॅटरीला सहसा तापमान राखणारी यंत्रणा असते, स्कूटरसारखी ती उघडीवाघडी नसते. पण आग लागलीच तर ती विझवायला अवघड, हे खरे आहे.

धूर आणि वीज

शहरात धूर सोडत नाही हा ईव्हीचा निर्विवाद गुण. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर सिग्नलला दहा मिनिटे स्कूटरवर उभे राहिलेल्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. पण वीज कुठून येते? शहराच्या कुशीत, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच कोळसा जाळतात. देशातली सरासरी वीज युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. त्या हिशेबाने ईव्ही किलोमीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅमची धनी होते. पेट्रोलची गाडी दीडशेच्या वर, आणि तेल शुद्ध करताना सुटणारा वायू वेगळा. म्हणजे ईव्ही सरस आहे, पण जाहिरातीत दाखवतात तितकी नाही. बॅटरी बनवताना झालेले प्रदूषण भरून निघायलाच कित्येक हजार किलोमीटर धावावे लागते.

छतावर सौर पॅनेल असले की चित्र पालटते. ३ किलोवॅटचा संच उन्हाच्या दिवशी बाराएक युनिटे देतो, म्हणजे ऐंशी किलोमीटर. पीएम सूर्यघर योजनेत त्यासाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागातल्या बंगल्यांवर पॅनेल आणि खाली हिरव्या पाटीची गाडी ही जोडी सगळ्यात शहाणपणाची.

मायकोचे शहर

सातपूरच्या बॉश कारखान्याला जुनी माणसे अजून ‘मायको’ म्हणतात. मायको सर्कल हे नाव त्यावरूनच रूढ आहे. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर ही त्या कारखान्याची ओळख. ईव्हीत यांतले काहीच लागत नाही. पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. सातपूर-अंबडच्या लहान शेडमध्ये लेथवर इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्यांसाठी हा गाडीच्या गुणदोषांपैकी सर्वांत मोठा दोष आहे, आणि गाडीवरच्या चर्चेत त्यांची आठवण फार कमी निघते. दुसरीकडे स्विचगिअर आणि विद्युत उपकरणे हाही नाशिकचा जुना धंदा आहे. हात आणि यंत्रे शहरात आहेत. वळण मिळायला हवे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचेही तेच. ऑइल बदलणे गेले, आणि उच्च दाबाच्या केबलला हात लावायचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नाही. ग्राहकाला प्रत्येक वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते.

पार्किंग

घरी चार्जिंगला १५ अँपिअरचा पॉवर पॉइंट चालतो, तो ३.३ किलोवॅटने रात्रभर गाडी भरतो. मात्र गिझर वीस मिनिटे चालतो आणि गाडी दहा तास. जुन्या वायरिंगवर प्लग हाताला चटका देईल इतका तापतो. मीटरपासून वेगळी, जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरे अर्थिंग हवेच. नुसती तिसरी पिन असणे म्हणजे अर्थिंग नव्हे.

बंगलेवाल्याला हे एका दिवसाचे काम आहे. सिडकोत घर चिंचोळे, गाडी गल्लीत. दाराखालून काढलेली वायर रस्ता ओलांडून बॉनेटपर्यंत नेणे धोक्याचे आणि शेजाऱ्यांशी भांडणाचे. पंचवटी, भद्रकालीच्या वाड्यांत तर गाडी घरापाशी पोचतच नाही. सोसायट्यांत जागा असते पण संमती नसते. कॉमन मीटरचे बिल कोणी भरायचे, ट्रान्सफॉर्मर झेपेल का, एकाला दिले तर उद्या दहा जण मागतील, अशा शंकांत सभा संपते. उपाय साधा आहे. सभासदाने स्वतःच्या मीटरवरून, लागल्यास मंजूर भार वाढवून घेऊन, पार्किंगपर्यंत वायर ओढावी, किंवा सोसायटीने सबमीटर बसवावा. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना स्वतःच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा देतात. गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलावून मीटर ते पार्किंग हे अंतर टेपने मोजून घ्यावे.