कणकुंबीचा पाऊस समुद्रावरून तयार होऊन येत नाही

मान्सून गोव्यात पोहोचल्याची बातमी आली की बेळगावात एक ठरलेले स्पष्टीकरण ऐकू येते. ढग समुद्रावर पाण्याने भरतात, वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघतात, चोर्ल्याच्या डोंगरांना धडकतात आणि तिथेच रिते होतात. उरलासुरला पाऊस आपल्या वाट्याला येतो. सह्याद्री ढग अडवतो, असे आपण शाळेच्या भूगोलातही शिकलो आहोत. हे चित्र लक्षात ठेवायला सोपे असले, तरी त्यात मुख्य गोष्टच सुटते. चोर्ला घाटमाथ्यावरच्या कणकुंबी गावात कोसळणाऱ्या पाण्यापैकी बराचसा भाग पणजीवरून जाताना ढगात नसतोच. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या वाफेच्या रूपात असतो आणि त्याचा ढग घाट चढताना बनतो.

पणजी किंवा कारवारसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात मेच्या अखेरीस हवा कशी असते, ते आधी पाहू. तापमान ३३-३४ अंशांवर असते, म्हणजे त्या दिवसांतल्या विजापूरपेक्षा बरेच कमी. पण हवेत वाफ इतकी असते की घाम वाळत नाही आणि उकाडा असह्य होतो. दुपारी समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून, अशी वाऱ्याची रोजची ये-जा चालू असते. मान्सून आला की ही ये-जा मोडते, रात्रंदिवस पश्चिमेचा वारा सुरू होतो, तापमान ३० अंशांच्या खाली उतरते आणि पाऊस सरींनी, मधे उघडीप देत पडतो. मेमध्ये बेळगाव परिसरात गडगडाटासह येणारा, कधी गारा टाकणारा वळीव हा निराळा पाऊस होय. तो जमीन तापल्याने दुपारनंतर उभ्या वाढणाऱ्या ढगांतून पडतो आणि तासाभरात संपतो. म्हणूनच हवामान खाते नुसता पाऊस पडला म्हणून केरळात मान्सून आल्याचे जाहीर करत नाही. ठरावीक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला आहे का, पश्चिमेच्या वाऱ्यांची जाडी आणि वेग पुरेसा आहे का, हेही पाहिले जाते.

येथे नक्षत्रांविषयी बोलणे भाग आहे, कारण पंचांगात मृग नक्षत्राचे वाहन बेडूक दिले आहे की गाढव, यावर पेरणीचा बेत ठरवणारी माणसे आजही आहेत. २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला, तेव्हा मृग लागायला बारा-तेरा दिवस बाकी होते. शिवाय आपली नक्षत्रे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजली जातात, तर ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर चालतात; या दोन मोजणींत दर ७०-७२ वर्षांनी एक दिवसाचा फरक पडत जातो आणि दीड हजार वर्षांत तो तीन आठवड्यांवर पोहोचतो. वाहनाचा तर पावसाशी कसलाच कार्यकारणसंबंध नाही.

आता घाटाकडे वळू. किनाऱ्यावरची हवा २९ अंश तापमानाची आहे आणि ती २५ अंशांपर्यंत थंड झाल्यास तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागेल, असे धरा. तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. वारा तिला डोंगरावर ढकलतो. वर हवेचा दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्या उष्णतेतून खर्च करून थंड होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते, त्यामागचे कारण हेच. ढग बनेपर्यंत ही घट दर किलोमीटरला सुमारे १० अंश असते, त्यामुळे साधारण ५०० मीटर उंचीवरच वाफ समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती द्रवरूप होऊ लागते. घाटमाथा सुमारे ८०० मीटरवर आहे. म्हणजे उरलेल्या ३०० मीटरच्या चढात एक किलो हवेमागे जेमतेम ०.७ ग्रॅम पाणी तयार होते.

हा आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब करून पाहावा. एक किलोमीटर जाडीचा थर सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल, तर डोंगराच्या एक मीटर रुंदीवरून दर सेकंदाला १०,००० घनमीटर, म्हणजे ११ ते १२ हजार किलो हवा चढते आणि तिच्यातून सुमारे ८ लिटर पाणी निघते. ते वीस किलोमीटर लांबीच्या उतारावर पसरले, तर चोवीस तासांत ३५ मिलिमीटर पाऊस होतो. असे १२० दिवस चालल्यास बेरीज ४,२०० मिलिमीटर होते.

प्रत्यक्षात जवळच्या आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हिशेबातली तूट बऱ्याच अंशी सुप्त उष्णता भरून काढते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवरच्या हवेला जवळपास ७० युनिट विजेइतकी ऊर्जा मिळालेली असते. त्यामुळे ढगातली हवा किलोमीटरला दहाऐवजी चार-पाच अंशांनीच थंड होते, भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि घाटमाथा संपल्यावरही स्वतःच्या बळावर चढत राहते. तिच्यामागे खालून नवी दमट हवा ओढली जाते. डोंगराने केवळ सुरुवात करून दिलेली असते.

ढग झाला म्हणजे पाऊस झाला, असेही नाही. ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो आणि तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब होण्यासाठी असे दहा लाख थेंब एकमेकांना धडकून एकत्र यावे लागतात. याला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात वारा ढगाला पूर्वेकडे नेतो. म्हणूनच घाटमाथ्यामागच्या जांबोटी आणि खानापुरालाही भरपूर पाऊस मिळतो, तर बेळगावला पोहोचेपर्यंत त्याची झड आणि भुरभुर उरते. तरीही बेळगावची वार्षिक सरासरी १,३०० मिलिमीटरच्या घरात आहे आणि इथल्या शेतकऱ्याला भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरणी, करणे परवडते.

बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणी, रायबागकडे मात्र हवा घाट उतरते, दाबली जाते आणि तापते. तिच्यात अजून पुष्कळ वाफ असते, पण तापल्यामुळे तिचे पाणी होत नाही. जून-जुलैत तिथे सोसाट्याचा वारा सुटतो, ढग डोक्यावरून जातात आणि शिवार कोरडे राहते. त्याच दिवसांत महाबळेश्वर आणि कोयनेच्या घाटमाथ्यावर पडलेले पाणी कृष्णेतून येऊन नदीकाठच्या गावांना वेढू शकते. अथणीचा स्वतःचा मोठा पाऊस सप्टेंबरच्या सुमारास, पश्चिमेचा वारा मंदावल्यावर, दुपारी गडगडणाऱ्या ढगांतून येतो आणि रब्बीच्या ज्वारीला लागणारी ओल बहुतांशी तोच पुरवतो.