शिसे-अम्ल संचायक घटमाला

शिसे-अम्ल संचायक घटमाला : शिशाच्या पट्टिका व विरल सल्फ्यूरिक अम्ल यांची, पुनःपुन्हा भारित (चार्ज) करता येणारी घटमाला. बोलण्यात ती नुसती ‘बॅटरी’ असते. गोव्यात घरोघरचे इन्व्हर्टर, वाहने आणि मालीम, कुटबण, शापोरा येथील मच्छीमारी ट्रॉलर तिच्यावर विसंबून असतात.

उगम. हिचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. विद्युत् विश्लेषणासाठी वापरलेल्या तारा मूळ घट दूर केल्यावरही थोडा वेळ उलट प्रवाह देतात, हे फ्रान्समध्ये निकोला गोतरो याने १८०१ च्या सुमारास पाहिले. त्यानंतर दोनएक वर्षांत योहान व्हिल्हेल्म रिटर याने तांब्याच्या चकत्या व मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांचा ‘भारण-स्तंभ’ रचला. तत्त्व हेच असले तरी शिसे त्यात नव्हते. शिशाच्या पट्टिका सल्फ्यूरिक अम्लात ठेवून त्यांची साठवणक्षमता जर्मन लष्करी वैद्य योझेफ सिन्स्टेडेन याने १८५४ मध्ये नोंदवली. म्हणून त्याला अग्रमान देणारे अभ्यासक आहेत. तथापि त्याचा रोख ध्रुवणाच्या, म्हणजे प्रवाहामुळे पट्टिकांवर उद्‌भवणाऱ्या विरोधी दाबाच्या, अभ्यासाकडे होता. वापरण्याजोगा संचायक गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये केला आणि १८६० मध्ये नऊ घटांची माला पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. शिशाचे दोन लांब पत्रे मध्ये अडसर घालून गुंडाळायचे व अम्लात बुडवायचे, अशी त्याची रचना होती. डायनामो सर्रास नसल्याने पत्र्यांवर क्रियाशील थर ‘घडवण्यास’ प्राथमिक घटांनी महिनोन्‌महिने भारण-विसर्जन (चार्ज-डिस्चार्ज) करावे लागे. कामील फोर याने १८८०–८१ मध्ये शेंदूर व अम्ल यांचा लगदा पत्र्यावर थापून हा काळ घटवला. निरीक्षण व उपयोगी साधन यांत भेद केला, तर प्लांतेचा दावा अधिक बळकट ठरतो.

कार्य. धन पट्टिकेवर शिशाचा डाय-ऑक्साइड, ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे असते. विसर्जनात दोन्हींवर शिशाचे सल्फेट बनते, अम्ल खर्ची पडते व पाणी तयार होते. ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी १८८२ मध्ये मांडलेला हा ‘द्विसल्फेट सिद्धांत’ आजही मान्य आहे. अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून (पाण्याच्या तुलनेतील घनतेवरून) बॅटरी किती भरली हे कळते ते यामुळेच. एका घटाचा दर्शनी विद्युत् दाब २ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट व त्यांची सहा बुचे. इन्व्हर्टरच्या नळीदार (ट्यूब्युलर) बॅटरीत पूर्ण भारित गुरुत्व २७° से. ला साधारण १·२४, वाहनांच्या बॅटरीत १·२५ ते १·२८ असते. एकाच घटाचे वाचन इतरांपेक्षा ०·०३ किंवा अधिक कमी आले, तर बिघाड त्या घटात शोधावा. घट शॉर्ट झाल्यास बारा व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकते.

पाणी. गोव्यात बॅटरी अकाली बसते त्याचे कारण पुष्कळदा बुचातून ओतलेले पाणी असते. किनाऱ्यालगतच्या विहिरींत क्लोराइड उतरते. ते धन पट्टिकेची जाळी खाते. जांभ्यातून व खनिजपट्ट्यातून येणाऱ्या पाण्यात लोह असू शकते. लोहाचे आयन धन पट्टिकेवर ऑक्सिडीकृत होतात, ऋण पट्टिकेवर क्षपण पावतात (पुन्हा मूळ रूपात येतात) आणि अशा येरझारा घालत बॅटरी बंद पडून असतानाही तिचा भार संपवतात. कौलांवरून पडलेले पावसाचे पाणी किंवा एसीच्या नळीतले पाणी स्वच्छ दिसले तरी चालत नाही. पहिल्यात धूळ व समुद्राचा क्षार, दुसऱ्यात तांब्याचा अंश येऊ शकतो. ऊर्ध्वपातित किंवा निःखनिज पाणीच घ्यावे, तेही भारण पूर्ण झाल्यावर. कारण भारणात पातळी वर चढते. पट्टिका उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या झाकण्यापुरते आधी ओतावे. बाष्पीभवनात अम्ल जात नाही, म्हणून पातळी घटली की ‘ॲसिड मारणे’ ही मोठी चूक आहे.

पावसाळा व उष्मा. जून ते सप्टेंबर वीज वारंवार जाते, येते, पुन्हा जाते. अशा अर्धवट भारणाने सल्फेटचे बारीक स्फटिक जाड व टणक होतात आणि जड अम्ल तळाशी बसते. उंच नळीदार बॅटरीत हे विशेष जाणवते. उपाय म्हणजे अधूनमधून, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत समतोल-भारण, म्हणजे सर्व घट सारखे भरेपर्यंत मुद्दाम जास्त भारण, करणे. त्यात निघणाऱ्या हायड्रोजन व ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी अम्ल ढवळले जाते. त्या वेळी खिडकी उघडी हवी, कारण हवेत सुमारे ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. तापमान दर ८–१०° से. ने वाढल्यास आयुष्य अदमासे निम्मे होते; म्हणून उन्हात तापणाऱ्या गॅलरीपेक्षा सोप्याचा सावलीतला कोपरा बरा. अम्लाच्या वाफाऱ्याने व खारट वाऱ्याने टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. पाव लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, बुचे मात्र घट्ट बंद ठेवून. मग व्हॅसलीन लावावे.

क्षमता. ४०० वॅटचा भार ३ तास म्हणजे १,२०० वॅट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के व विसर्जन ८० टक्क्यांपर्यंत धरल्यास १२ व्होल्टला सुमारे १४७ अँपिअर-तास (किती प्रवाह किती तास मिळेल याचे माप), म्हणजे १५० ची बॅटरी लागते. ट्रॉलरवर २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकसरीत (एकीमागे एक) जोडताना एक जुनी व एक नवी घेऊ नये. जुनी आधी रिती होते व पुढे उलटी भारित होऊ शकते. स्टार्टरच्या बॅटरीच्या पट्टिका पातळ असतात. रात्रभर दिवे चालवण्यास ती वापरली तर लवकर निकामी होते.

इतर प्रकार. लिथियम-लोह-फॉस्फेट घटाचा दाब ३·२ व्होल्ट. चार घटांचे १२·८ होतात. अशा बॅटरीला पाणी लागत नाही, मात्र शिसे-अम्लासाठी लावलेला चार्जर तसाच जोडू नये.

विल्हेवाट. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी अधिकृत मार्गानेच परत जायला हवी. अम्ल परसात ओतल्यास त्याबरोबर शिसे मातीत मुरते आणि विहिरीपर्यंत पोहोचू शकते.